कर्नाळ्याची पाऊलवाट

पनवेलहून पेण-रोह्याकडे निघालेला प्रवासी पळस्पे ओलांडून थोडा पुढे गेला, की डाव्या हातास डोंगराच्या माथ्यावर एक काळा सुळका त्याच्या दृष्टीस पडतो. दुरून तो वर उचललेल्या अंगठ्यासारखा दिसतो. हा कर्नाळ्याचा किल्ला. त्याच्या पायथ्याशी रस्ता एकाएकी दाट झाडीत शिरतो, उन्हाचा ताप कमी होतो आणि काही मिनिटांतच झाडी संपून पुन्हा उघडा मुलूख लागतो. पुष्कळ प्रवाशांना कर्नाळा ठाऊक असतो तो एवढाच.

या झाडीला १९६८ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. पक्ष्यांसाठी राखलेले हे महाराष्ट्रातील पहिले अभयारण्य होय. आरंभी त्याचे क्षेत्र साडेचार चौरस किलोमीटरांहूनही कमी होते. २००३ साली ते वाढवून सुमारे १२ चौरस किलोमीटर करण्यात आले. तरीही हे रान लहानच. जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे रान असलेले आणि १९८६ साली अभयारण्य झालेले, मुरूड व रोहा तालुक्यांच्या बाजूचे फणसाड याच्या चौपटीहून मोठे आहे. मुंबईसारखे अफाट शहर इतके जवळ असताना एवढे रान टिकून राहिले, हेच नवल म्हटले पाहिजे.

रानातून पायी हिंडण्यासाठी वाटा आखलेल्या आहेत. त्यांतील लहान वाटेला हरियालचे नाव दिलेले आहे, तर लांबची वाट मोरटाका या नावाने ओळखली जाते. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. तो पारव्याच्या कुळातला. परंतु पारव्यासारखा अंगणात उतरणारा नव्हे. वड, पिंपळ, उंबर यांची फळे खाऊन तो झाडांच्या शेंड्यांवरच राहतो व जमिनीवर क्वचितच येतो. अंगाचा रंग पानांत मिसळून जात असल्यामुळे, झाडावर वीस हरियाल बसलेले असूनही खालून जाणाऱ्याला एकही दिसत नाही. मात्र फळांची टरफले टपटप खाली पडू लागली, की वर कोणीतरी जेवत आहे हे समजते. या वाटेवर डोळ्यांपेक्षा कानांचा उपयोग अधिक, तो असा.

भृंगराजाचेही तसेच आहे. शेपटीच्या दोन लांब काड्यांच्या टोकांना पिसांचे झुबके मिरविणारा हा काळा पक्षी इतर पक्ष्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करतो. रानात निरनिराळ्या जातींचे लहान पक्षी अन्न शोधीत एकत्र हिंडतात. त्यांच्या हालचालीने पानांतले किडे उडतात आणि भृंगराज ते वरच्या वर टिपतो. ससाणा किंवा शिक्रा दिसताच सर्वांआधी ओरड करतो तोही बहुधा हाच. चोर आणि पहारेकरी या दोन्ही भूमिका एकट्याने वठविणारा असा पक्षी विरळाच.

या वाटा सोडून चढणीस लागले, की किल्ल्याची वाट सुरू होते. पनवेलच्या खाडीवर उतरणारा माल बोरघाटाने देशावर चढत असे, आणि त्या मार्गावर नजर ठेवण्यास कर्नाळ्यासारखी जागा दुसरी नव्हती. म्हणूनच तो पुन्हा पुन्हा हातपालट होत राहिला. १६५७ साली शिवाजी महाराजांनी तो घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कर्नाळाही गेला. १६७० साली मावळे आडोशाचे मोर्चे उभारीत उभारीत पुढे सरकले आणि किल्ला परत आला. आज पाठीवर पाण्याची बाटली एवढेच ओझे असताना ज्या चढावर धाप लागते, त्यावरून ते बंदुकींच्या माऱ्यासमोर चढले होते. पेशवाईच्या अखेरीस येथील किल्लेदारी अनंतराव फडके यांच्याकडे होती. १८१८ साली किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. त्याच अनंतरावांचे नातू वासुदेव बळवंत फडके हे १८४५ साली पायथ्याजवळच्या शिरढोण गावी जन्मले आणि पुढे इंग्रजी सत्तेविरुद्ध उठले.

माथ्यावरील सुळक्याच्या पायथ्याशी खडकात खोदलेली पाण्याची टाकी व कोठारे आहेत. सुळक्याच्या कड्याला आग्या मधमाश्यांची पोळी लोंबत असतात. धूर किंवा गोंगाट झाला, तर या माश्या पर्यटकाचा पाठलाग थेट उतरणीपर्यंत करतात. किल्ल्याचे पहारेकरी गेले, हे राहिले.

परंतु कर्नाळ्याचा खरा उत्सव पावसाळ्यात असतो. जूनच्या सरींबरोबर तिबोटी खंड्या येथे येतो. हा चिमणीएवढा पक्षी. पोट पिवळे, पाठ निळी-जांभळी, चोच लालभडक. ओढ्याकाठची किंवा रस्त्याच्या कडेची दरड पावसाने भिजून मऊ झाली, की नर व मादी मिळून तीत आडवे बीळ कोरतात आणि त्याच्या टोकाशी अंडी घालतात. कोरड्या मातीत हे बीळ कोरता येत नाही. म्हणून त्यांचे सारे वेळापत्रक पावसावर अवलंबून असते. पिलांना बेडूक, लहान खेकडे, कोळी, सापसुरळ्या असे खाद्य आणताना हे पक्षी दिवसातून कितीतरी वेळा जमिनीलगत बाणासारखे जातात.

मुंबई-गोवा महामार्ग या रानाच्या मधूनच गेलेला आहे. त्याचे रुंदीकरण सुरू झाले, तेव्हा कर्नाळ्यापाशी प्रश्न उभा राहिला. कोकणाला रुंद रस्ता हवा होता, ही गोष्ट खोटी नव्हती. गणपतीच्या दिवसांत या रस्त्यावर तासन्‌तास अडकून पडलेल्या माणसाला ती पटवून द्यावी लागत नाही. पण रस्ता रुंद करावयाचा म्हणजे कडेची झाडे तोडावयाची आणि दरड छाटावयाची. छाटलेल्या दरडीवर दगडी भिंत बांधली, तर ती कोसळत नाही, हे खरे. मात्र दगडात बीळ कोरण्याची कला खंड्याला अवगत नाही.

सप्टेंबर सरता सरता पिले उडू लागतात. पाऊस ओसरला, की दरडीची माती पुन्हा कठीण होते आणि बिळे रिकामी पडतात. त्यांची तोंडे रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी असतात. वाटेने सावकाश चालणाऱ्याला ती दिसतात, मोटारीतून जाणाऱ्याला दिसत नाहीत.