लस बळकट होते आहे. माताभगिनींनो, आपणही जागे होऊ या

बोले ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. पुढे महाडच्या नगरपालिकेनेही तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. पण चवदार तळ्याचे पाणी आपल्या ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब स्वतः तळ्यावर चालत गेले तेव्हा. कागदावरचा हक्क पायांनी चालत जाऊन घ्यावा लागतो, हा धडा आपल्याच रायगड जिल्ह्याने देशाला दिला. आज तो आरोग्याच्या बाबतीत गिरवण्याची वेळ आली आहे, असे आम्हाला वाटते.

आपल्या पनवेल तालुक्यात खारघर येथे टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था आहे. परळच्या कर्करोग संशोधन संस्थेचे काम २००२ साली येथे आले. शरीराच्या स्वतःच्या रक्षक पेशींना शिकवून कर्करोगावर सोडण्याची नवी विद्या येथे रुजते आहे. रक्ताच्या कर्करोगावरील भारतीय ‘कार-टी’ उपचार मुंबईची आयआयटी आणि टाटा केंद्र यांच्या सहकार्यातून उभा राहिला. २०२१ साली येथील रुग्णावर तो प्रथम करण्यात आला आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली. याच विद्येची दुसरी शाखा म्हणजे डीएनए लस. तिचा संबंध आपल्या माताभगिनींना होणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी येतो.

हा कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी हे दाखवून दिले व २००८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूच्या अनेक जाती आहेत, पण १६ आणि १८ क्रमांकाच्या दोन जातींमुळेच शंभरापैकी सुमारे सत्तर रुग्ण होतात. म्हणजे हे कुणाच्या पूर्वजन्मीचे पाप नव्हे, करणी नव्हे आणि बाईच्या चारित्र्यावरचा डागही नव्हे. तथागतांनी शिकवल्याप्रमाणे कारण आहे म्हणून कार्य आहे. कारण दूर केले की कार्य टळते.

बाजारात मिळणारी एचपीव्ही लस विषाणू शरीरात येण्यापूर्वी अडवते. आत शिरलेल्या विषाणूला ती हुसकावू शकत नाही. ते काम करावे म्हणून डीएनए लसीचे प्रयोग चालू आहेत. कचेरीत काम करणाऱ्यांना हे चटकन समजेल. डीएनए म्हणजे पेशीला दिलेला लेखी हुकूम. लसीतून विषाणूच्या ई-६ व ई-७ या प्रथिनांचा निरुपद्रवी केलेला नमुना बनवण्याचा हुकूम पेशीत पाठवायचा. पेशी तो नमुना बनवते, रक्षक पेशी तो ओळखून ठेवतात आणि तसे प्रथिन जिथे दिसेल तिथे हल्ला करतात.

अडचण अशी की हुकूम टेबलापर्यंत पोचतच नाही. साध्या सुईने टोचलेला बहुतेक डीएनए पेशीच्या बाहेरच राहतो व नष्ट होतो. उंदरांत ही लस छान चालली, माणसांत मात्र अशक्त ठरली. म्हणून तिचे बळ वाढवण्याचे तीन मार्ग शोधले गेले. पहिला मार्ग पोचवण्याचा. टोचल्यावर विजेचा क्षणिक सौम्य झटका दिला की पेशीची दारे उघडतात. किंवा सुईविना जोरदार फवाऱ्याने लस त्वचेत शिरवतात. आपल्या देशात ऑगस्ट २०२१ मध्ये मान्यता मिळालेली ‘झायकोव्ह-डी’ ही कोरोनावरील लस अशीच फवाऱ्याची होती. माणसांसाठी मान्यता मिळालेली ती जगातली पहिली डीएनए लस. दुसरा मार्ग हुकुमाची भाषा आपल्या पेशीला वाचायला सोपी करण्याचा. तिसरा मार्ग हुकुमाला असे प्रथिन जोडण्याचा, की जे रक्षक पेशींना खडबडून जागे करील.

२०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गर्भाशयमुखावर कर्करोगपूर्व बदल झालेल्या स्त्रियांना विजेच्या झटक्यासह अशी लस दिली. सुमारे ४९ टक्के स्त्रियांत बदल मागे हटले. नुसते पाणी टोचलेल्यांत हे प्रमाण ३० टक्के होते. पुढच्या मोठ्या चाचण्यांचे निकाल मात्र एकसारखे आले नाहीत. म्हणून कर्करोग बरा करणारी डीएनए लस अजून दवाखान्यात मिळत नाही. कुणी दलाल ती विकू लागला तर त्याला दारात उभे करू नका.

अशा संशोधनात आणखी एक गोष्ट आपण विसरू नये. १९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतील पेशी तिला न विचारता काढल्या गेल्या. त्या पेशींवर जगभर संशोधन झाले. तिच्या मुलांना कित्येक वर्षे त्याचा पत्ताही नव्हता. आपल्याकडे २००९ साली खम्मम जिल्ह्यात वसतिगृहातील आदिवासी मुलींना एचपीव्ही लस देताना अनेक संमतिपत्रांवर वसतिगृहप्रमुखांच्या सह्या घेतल्या गेल्या. तो प्रकल्प २०१० मध्ये थांबवावा लागला. यावरून लस वाईट ठरत नाही. संमती कशी घेऊ नये ते कळते. चाचणीत भाग घ्यायचा तर मराठीत लिहिलेला कागद मागा, तो घरी आणून वाचा, प्रश्न विचारा. नाही म्हणण्याचाही आपल्याला हक्क आहे.

आणि तपासणीचे महत्त्व तर आपल्या महाराष्ट्रानेच सिद्ध केले आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत मोठा अभ्यास झाला. एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४ झाले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या ॲसेटिक ॲसिडच्या साध्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटवून दाखवले. तपासणी न मिळालेल्या गटातल्या बायाही आपल्यासारख्याच गरीब होत्या. त्यांना तपासणीविना का ठेवले, असा प्रश्न पुढे जगभर विचारला गेला आणि तो योग्यच होता. त्यांच्या मृत्यूतून मिळालेले ज्ञान आपण वापरले नाही, तर तो दुसरा अन्याय होईल.

तेव्हा तिशी ओलांडलेल्या प्रत्येक भगिनीने सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणे, संबंधानंतर रक्त जाणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, यांपैकी काही असेल तर एक दिवसही लाजू नये. ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी लसीची चौकशी करावी. पुण्याच्या सीरम संस्थेची स्वदेशी लस २०२३ पासून उपलब्ध आहे. उपचाराची वेळ आली तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. त्यासाठी रेशनकार्ड व आधारकार्ड तयार ठेवावे. उपासकांनीही हा बायकांचा विषय म्हणून बाजूला सरकू नये. एक दिवसाचा खाडा झाला तरी चालेल, पण पत्नीला, आईला स्वतः घेऊन जावे.

प्रत्येक विहारातील महिला मंडळाने येत्या पौर्णिमेला तिशीवरील भगिनींची यादी करावी आणि दहा-दहा जणींना सोबत घेऊन आरोग्य केंद्र गाठावे. एकटीला भीती वाटते, दहा जणींना वाटत नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!