नक्कल करा, तैलरंग शिका!

थोरामोठ्यांचं निसर्गचित्र समोर ठेवून त्याची प्रत करणं, ही तैलरंगाची फार जुनी आणि भरवशाची तालीम. सातारा-सांगलीकरांना तर तिची ओळख घरबसल्या होण्यासारखी आहे. त्यातल्या या काही गमतीच्या गोष्टी.

औंधात युरोप
खटाव तालुक्यातल्या औंधला यमाईच्या डोंगरावर बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८मध्ये संग्रहालय उभारलं. हे राजे स्वतः चित्रकार. इथे रविवर्मा, धुरंधर आहेतच. शिवाय युरोपातल्या गाजलेल्या चित्रांच्या प्रती आणि चक्क इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्पही!

रंग दगा देतात तेव्हा
उद्योगपती लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. पण काही रंग ओळखता येईनात, म्हणून ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले. पुढे १९१०मध्ये औंधच्या याच राजांनी दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव मात्र पंडित सातवळेकरांकडे चित्रकला शिकले. हे वेदांचे पंडितही मुळात चित्रकारच!

अजिंठा तैलरंगात
जे. जे.च्या जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२पासून विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या चित्रांच्या तैलरंगात प्रती केल्या. त्यातल्या कितीतरी १८८५मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. त्याआधी रॉबर्ट गिलने केलेल्या अजिंठ्याच्या बहुतेक प्रतीही १८६६च्या आगीत खाक झाल्या होत्या.

उस्तादही शागीर्द
इंग्लंडचा निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबल १८२३मध्ये, चाळिशी उलटल्यावर, जुन्या काळच्या क्लोद लोरँ या चित्रकाराच्या निसर्गचित्रांच्या प्रती करत बसला होता. स्वतः क्लोदला नकली चित्रांचा इतका ताप झाला की आपल्या चित्रांची रेखाटनं तो एका वहीत नोंदवून ठेवू लागला.

लूव्हरचा नियम
पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात परवाना काढून आजही प्रत करता येते. अट एकच मोठी: प्रत मूळ चित्राच्या मापाची नको.

चटणीतलं तेल
तैलरंगातलं तेल जवसाचं, म्हणजे आपल्या चटणीतल्याच जवसाचं! ते पाण्यासारखं उडून जात नाही. हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतं. म्हणूनच तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवा.

हात घालायचा कसा?
मूळ चित्राच्या छापील प्रतीवर आणि कॅनव्हासवर सारख्याच प्रमाणात चौकटी आखा. टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या तपकिरी रंगाने छायाप्रकाश मांडा. मग आकाश, दूरचे डोंगर, शेवटी जवळची झाडं. खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलट केलंत तर रंगाला तडे जातात. गडद भाग पातळ ठेवा, उजेड जाडसर लावा. मधूनमधून डोळे किलकिले करून दोन्ही चित्रं पाहा, चुकलेली छटा लगेच सापडते.

दूरचे डोंगर निळसर का, हे क्लोदच्या चित्रावरून एकदा हाताला कळलं, की अजिंक्यताऱ्यावरून दिसणाऱ्या सह्याद्रीच्या रांगा वेगळ्या दिसू लागतात. प्रत करण्यात कमीपणा मुळीच नाही. फक्त प्रतीखाली मूळ चित्रकाराचं नाव आठवणीने लिहा, आणि पुढचा कॅनव्हास घेऊन थेट कृष्णेचा घाट गाठा!