म्हाताऱ्यांची सेवा : करणारी उपाशी, करवून घेणारा कर्जात

आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी माताभगिनी सकाळी सातच्या आत घर सोडतात. कुणी त्यांना आया म्हणते, कुणी मावशी, कुणी नुसतेच ‘ब्यूरोची बाई’. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना अंघोळ घालायची, दर दोन तासांनी कूस बदलायची, लघवीची पिशवी रिकामी करायची, नळीवाटे पेज द्यायची. काहीच न आठवणाऱ्या आजींनी रात्री दार उघडले तर हाताला धरून परत आणायचे. हे काम बारा-बारा तासांचे असते. त्याला धीर लागतो, ताकद लागते आणि अक्कलही लागते. कूस बदलायला विसरले की पाठीला जखमा होतात, आणि त्या भरून यायला महिने जातात.

इतक्या जोखमीच्या कामाचा मोबदला काय? आम्ही कारकुनी पेशाचे, म्हणून आधी आकडे मांडतो. हे आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. वाचकांनी आपापल्या गावचा दर घालून पाहावा.

समजा, ब्यूरो पेशंटच्या घरून बारा तासांचे ८०० रुपये घेतो आणि बाईच्या हाती ६०० ठेवतो. म्हणजे बाईला तासाला ५० रुपये पडले. ती अंबरनाथहून दादरला जात असेल, तर घर सोडल्यापासून घरी परत येईपर्यंत पंधरा तास होतात. मग तासाला उरले ४० रुपये. महिन्यात २६ खाडे भरले तर १५,६०० रुपये. त्यातून घरभाडे, लोकलचा पास आणि मुलांची शाळा. आजारी पडली तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. पेशंट दगावला तर दुसऱ्या दिवसापासून कामच नाही.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब पाहू. ज्या घरात म्हातारा माणूस पडून आहे, त्या घराला फक्त दिवसपाळीचे महिन्याला २४,००० रुपये लागतात. रात्रीही माणूस हवा असेल तर ४८,०००. औषधे, डायपर, डॉक्टरांच्या फेऱ्या वेगळ्या. खाजगी कंपनीतून निवृत्त झालेल्या कामगाराचे किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरले. श्रावणबाळ योजनेचे मानधन २०२३ मध्ये १,००० वरून १,५०० झाले. हे १,५०० म्हणजे आयेचे दोन दिवसांचेही पैसे नव्हेत. मग सून नोकरी सोडते, नात शाळा सोडते, नाहीतर घर पतपेढीची पायरी चढते.

म्हणजे देणाऱ्याला जड जाते आणि घेणारीला पुरत नाही. वरवर पाहता दोघांचे हित एकमेकांविरुद्ध वाटते. बाईचा पगार वाढला की म्हाताऱ्याचे हाल, असेच कुणालाही वाटेल. आमच्या मते दोघांचे दुखणे एकच आहे. म्हातारपणाचा सगळा भार सरकारने आणि समाजाने एकेका घराच्या गळ्यात टाकला आहे, आणि ते घर तो आयेच्या पाठीवर उतरवते.

हे काम स्वस्त का राहिले, तेही स्पष्ट बोलले पाहिजे. घरातली बाई हे सगळे फुकट करत आली, म्हणून त्याला मोल नाही. शिवाय दुसऱ्याची घाण काढणे हे आपल्या देशात ठरावीक जातींच्या कपाळी मारलेले काम. आजही काही घरांत म्हाताऱ्याला मांडीवर घेऊन भरवणाऱ्या बाईचा चहाचा कप मात्र वेगळा असतो. हात चालतात, कप चालत नाही! जिथे माणसाचीच किंमत कमी धरली, तिथे त्याच्या श्रमाची किंमत कशी वाढणार?

१९४६ च्या एप्रिलमध्ये मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतनाचे विधेयक मांडले. त्याचा कायदा १९४८ मध्ये झाला. आता त्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. ठरलेल्या वेळेपेक्षा जादा कामाला दुप्पट दर, हे तत्त्व तिच्यातही आहे. वरच्याच उदाहरणाला ते लावून पाहा. आठ तासांचे ४०० आणि जादा चार तासांचे दुप्पट दराने ४००, मिळून ८००. म्हणजे कारखान्याच्या हिशेबाने जे ८०० बाईच्या हातात पडायला हवेत, त्यातले २०० वाटेतच गळतात. पण लोकांचे घर म्हणजे काही कारखाना नव्हे. तिथे हजेरीपट नाही, तपासायला निरीक्षक येत नाही.

घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार क्रमांक १८९ हा २०११ मध्ये झाला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्याला मंजुरी दिलेली नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करण्यास समिती नेमा, असे केंद्र सरकारला सांगितले. म्हाताऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे. त्यात मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. पण मुलगाच नाक्यावर उभा राहणारा असेल तर तो देणार कुठून? ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंत इस्पितळातले उपचार मिळू लागले. चांगलेच झाले. पण इस्पितळातून घरी आणल्यावर कूस कोण बदलणार, हा प्रश्न तसाच राहतो.

मार्ग नाही असे मात्र नाही. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला काही डॉक्टरांनी असाध्य रोग्यांची वेदना कमी करण्याचे काम सुरू केले. पुढे मलप्पुरम भागात सामान्य लोक त्यात उतरले. गल्लीगल्लीतले स्वयंसेवक शिकून तयार झाले, पैसे गोळा झाले. २००८ मध्ये केरळ सरकारने त्याचे धोरणच केले. आता तिथल्या पंचायतींची नर्स अंथरुणावरच्या रोग्याच्या घरी जाते, आणि तिचा पगार त्या घराला द्यावा लागत नाही. तिथे म्हातारपण हे साऱ्या गावाचे काम मानले गेले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसे शंभरात जवळजवळ दहा होती. आपल्या महापालिकांना आणि जिल्हा परिषदांना असे का जमू नये?

तोवर आपण काय करावे? आया म्हणून काम करणाऱ्या भगिनींनी कामाची वेळ, रोज, आठवड्याची सुट्टी आणि ब्यूरोचे कमिशन कागदावर लिहून घ्यावे. हजेरी रोज वहीत टिपावी. घरेलू कामगार कल्याण मंडळाकडे आणि ई-श्रममध्ये नोंदणीसाठी अर्ज करावा. एकटीचे कुणी ऐकत नाही. दहाजणी मिळून ब्यूरोकडे गेल्या तर ऐकावे लागते. वस्तीतल्या मंडळांनी पडून असलेल्या म्हाताऱ्यांची यादी करावी, ज्यांचे श्रावणबाळचे अर्ज राहिले ते भरून द्यावेत, आणि आठवड्यातून चार तास तरी पाळीने त्यांच्याजवळ बसावे. तेवढ्यात घरातल्या सुनेला बाजारहाट करता येतो, दोन घटका डोळा लागतो.

आणखी एक गोष्ट थोडी कडू आहे, तरी सांगितली पाहिजे. आपल्यातलेही पुष्कळजण आता शिकून नोकरीला लागले, फ्लॅटमध्ये गेले. आईवडिलांसाठी तेही आया ठेवतात. त्या बाईला आठवड्याची सुट्टी मिळते का? ती जेवते केव्हा, आणि कोणत्या ताटात? मोर्चात किमान वेतन मागायचे आणि घरात बाईशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करायची, हे आपल्याला शोभत नाही. जमत नसेल तर तास कमी करावेत, घरच्यांनी पाळ्या वाटून घ्याव्यात. तासाचा दर मात्र पाडू नये.

कारण दिवसभर दुसऱ्याच्या आईची कूस बदलणाऱ्या बाईची स्वतःची आई घरी एकटी पडून असते. तिच्याजवळ कोण बसणार, याचे उत्तर आपल्या वस्तीलाच शोधायचे आहे.