नकाशाचे ॲप बनताना 'जेएआय' गायब! ही एरर नेमकी येते कशामुळे?

जिओटूल्स वापरून नकाशाचे छोटे ॲप बनवायला घेतले. मेव्हनने भराभर फायली उतरवल्या आणि शेवटी लाल अक्षरांत संदेश आला : 'जेएआय कोअर १.१.३' सापडत नाही. नेट चालू, जावा बरोबर, कोड ट्यूटोरियलमधला जसाच्या तसा. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी या एका ओळीपायी माझे दोन दिवस गेले होते. चूक माझ्या कोडमध्ये नव्हतीच.

मग अडते कुठे?

जेएआय म्हणजे जावा ॲडव्हान्स्ड इमेजिंग. सन मायक्रोसिस्टीम्सची ही लायब्ररी उपग्रह छायाचित्रासारखी अवजड प्रतिमा तुकड्यातुकड्याने वाचते आणि हवा तेवढाच भाग तयार करून देते. जिओटूल्स आणि त्यावर उभा असलेला जिओसर्व्हर, दोघांनीही अशा नकाशांसाठी वर्षानुवर्षे तिच्यावरच भिस्त ठेवली. पण ती जावासोबत येत नाही, वेगळी आणावी लागते. गोम अशी, की परवान्याच्या अडचणीमुळे तिची जार फाइल 'मेव्हन सेंट्रल' या नेहमीच्या साठ्यात नाही. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली. जेएआय तिथेच थांबली.

ही फाइल ओएसजिओ, म्हणजे ओपन सोर्स जिओस्पेशियल फाउंडेशनच्या साठ्यात मिळते. प्रोजेक्टच्या पॉम फाइलमध्ये त्या साठ्याचा पत्ता टाकला की काम होते. पत्ता मात्र जिओटूल्सच्या अधिकृत क्विकस्टार्टमधूनच घ्या. जुन्या ट्यूटोरियलमधले बरेच पत्ते 'एचटीटीपी'चे आहेत आणि २०२१ मध्ये आलेल्या मेव्हन ३.८.१ पासून असे पत्ते थेट अडवले जातात.

पत्ता बदलूनही तीच एरर? मेव्हन आधीचा फसलेला प्रयत्न लक्षात ठेवतो आणि पुन्हा शोधायलाच जात नाही. कमांडमध्ये उणे चिन्ह आणि त्याला जोडून मोठ्या लिपीतला 'यू' लिहा, म्हणजे तो नव्याने शोधेल. माझे दोन दिवस खाल्ले ते यानेच.

वैतागून गुगलवर सापडेल त्या साइटवरून जार उतरवण्याचा मोह होतो. तो टाळा. जार म्हणजे तुमच्या मशीनवर चालणारा प्रोग्राम. त्यात कोणी काय घातले आहे, हे नावावरून कळत नाही.

आणखी एक संदेश उगाच घाबरवतो : 'मीडियालिब' सापडले नाही, 'प्युअर जावा मोड'मध्ये पुढे जात आहोत. ही एरर नव्हे, फक्त सूचना. वेग वाढवणारा जोडभाग नाही, एवढाच तिचा अर्थ. नकाशा उघडतो.

आता ओरॅकलने जेएआयचा कोड एक्लिप्स फाउंडेशनला दिला असून त्यातून 'इमेजएन' हा मुक्त प्रकल्प उभा राहिला आहे. जिओटूल्सही त्याकडे वळले आहे. त्यात पॅकेजची नावे बदलली आहेत. त्यामुळे जुना कोड नव्या आवृत्तीवर नेताना वरच्या इम्पोर्टच्या ओळी बदलाव्या लागतील आणि जिओटूल्सचे सगळे मॉड्यूल एकाच आवृत्तीचे ठेवावे लागतील.