दोर ओढता ओढता

मालवणच्या किनाऱ्यावर वाद घालायला सभा बोलवावी लागत नाही. रापण लागली की वाद लागतो. दांडी, वायरी, तारकर्ली, देवबाग, नाहीतर वर तोंडवळी-तळाशील, कुठेही जा. रापणीची होडी जाळे सोडत सोडत समुद्रात अर्धे वर्तुळ काढते, परत वाळूला लागते आणि जाळ्याच्या दोन्ही टोकांचे लांबलचक दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती येतात. त्यानंतरचे दोन-तीन तास हात गुंतलेले आणि तोंड मोकळे. गजालींना एवढी सवड दुसऱ्या कुठल्या धंद्यात मिळत असेल असे मला वाटत नाही.

या वादाची चाल समजायला ओढणाऱ्यांची हालचाल बघावी लागते. दोन टोकांना दोन रांगा. सुरुवातीला त्यांच्यात इतके अंतर असते की एकीतले बोलणे दुसरीत ऐकू जात नाही. माणसे मागे मागे सरकत दोर वाळूवर आणतात. रांगेतला शेवटचा माणूस दोर सोडतो, चालत पाण्यापर्यंत जातो आणि तिथे पुन्हा धरतो. त्यामुळे कुणाचेच म्हणणे सलग पुरे होत नाही. ‘आता केंद्र सरकारान असा केल्यान की...’ एवढे म्हणून एक जण माझ्या शेजारून निघून गेला. पुढे जाऊन तो वेगळ्याच माणसापाशी उभा राहिला. उरलेले वाक्य त्या माणसाने ऐकले आणि पहिला अर्धा भाग न ऐकताच खोडून काढले. जाळे जवळ येते तशा दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात, इकडचा वाद तिकडच्या वादाला भिडतो आणि आवाज चढतात. जाळ्याची मधली पिशवी गुडघाभर पाण्यात आली की मात्र सगळे गप्प होतात. तिच्यात काय आहे यावर पुढच्या बोलण्याचा सूर ठरायचा असतो.

पहिला विषय बहुधा आदल्या रात्रीचे दिवे.

“काल राती परत पेटले होते.”

“बघलंय. मागल्या दारातसून दिसा होते.”

“कोणाचे?”

“ता तूच सांग. तुझो चुलतो आसा मा त्या धंद्यात!”

दिवे म्हणजे एलईडी. नौकेवर जनित्र ठेवून पाण्याच्या वर आणि काही वेळा पाण्याच्या आतही प्रखर दिवे सोडायचे. उजेडाला बारीक जीव गोळा होतात, त्यांच्यामागे बारीक मासे, त्यांच्यामागे मोठे. मग दुसरी नौका येऊन त्या घोळक्याभोवती पर्ससीन जाळे सोडते. या जाळ्याच्या तळाला कड्या असतात आणि कड्यांतून दोर ओवलेला असतो. तो यंत्राने ओढला की बटव्याचे तोंड आवळावे तसा जाळ्याचा तळ बंद होतो. आतल्या माशाला खाली बुडी मारूनही सुटका नाही. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ रोजी अशा दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. ही तारीख दोर ओढणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी पाठ असते.

बाहेरून आलेल्या माणसाला वाटते की हे जुन्या आणि नव्याचे भांडण आहे, म्हणजे म्हातारे यंत्राच्या विरोधात आणि पोरे यंत्राच्या बाजूने. तसे नाही, हे दोराला थोडा वेळ हात लावला की कळते. एका तरुणाने, दिवसा तो पर्यटकांना स्कूबाला नेतो, मुद्दा नेमका मांडला. जाळे नायलॉनचे झाले तेव्हा कुणी ओरडले नाही. होडीला बाहेरून लावायचे इंजिन आले तेव्हाही नाही. खिशात मोबाइल आहे, त्यावर वाऱ्याचा अंदाज बघूनच आज रापण टाकली. मग यंत्र नको म्हणजे नेमके कुठले नको? उत्तर द्यायला जो म्हातारा पुढे आला त्याने त्याला वेड्यात काढले नाही. थोडा वेळ नुसता दोर ओढला आणि म्हणाला, “रापणीक मासो येता. पर्सीन माशाकडे जाता. येणाऱ्याक वाट ठेवूक व्हयी.” तरुणाला ते पटले असे नाही. पण पुढचा त्याचा प्रश्न बदलला: मग गळ आणि जाळी घेऊन आपण खोल पाण्यात जातो ते काय? तेही माशाकडे जाणेच की. म्हाताऱ्याने मान हलवली आणि पाण्याकडे चालू लागला, कारण त्याची पाळी आली होती.

माशांचा दुष्काळ कशामुळे, हा या वादातला सगळ्यात अवघड भाग. बहुतेकांच्या मते उत्तर उघड आहे. पण प्रत्येक रांगेत एखादा असतोच, ज्याला तेवढ्यावर समाधान नसते. तो केरळची गोष्ट काढतो. तिथे २०१२ मध्ये तारली उदंड मिळाली आणि २०२१ पर्यंत ती वर्षाला साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. शास्त्रज्ञांनी समुद्राच्या तापण्याकडे आणि बदललेल्या पावसाकडे बोट दाखवले, नुसत्या जाळ्यांकडे नाही. हा मुद्दा बरोबर आहे आणि रापणीवर तो कुणालाच आवडत नाही. कारण समुद्र तापला तर दोष कुणाला द्यायचा? तापलेल्या समुद्राची तक्रार कुठल्या कचेरीत घेतात? माझे मत विचाराल तर दोन्ही कारणे एकमेकांना खोटे पाडत नाहीत. आधीच कमी झालेल्या माशांवर रात्री दिवे लावले तर ते जास्त लागते, कमी नाही.

मग उदाहरणे येतात. कर्नाटकात सत्तरच्या दशकात पर्ससीन आली आणि तिथली रांपण, म्हणजे आपल्या रापणीचीच बहीण, थोड्याच वर्षांत जवळजवळ संपली. गोव्यात मात्र रांपणकार रस्त्यावर उतरले. माथानी साल्ढाणा त्यांचे पुढारी. त्या आंदोलनाच्या रेट्यात १९८० चा गोव्याचा सागरी मासेमारी कायदा आला, आणि साल्ढाणा पुढे आमदार आणि मंत्रीही झाले. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला. म्हणजे या जिल्ह्याच्या १२१ किलोमीटर किनाऱ्यावर कायदा आणि जिल्हा बरोबरीने वाढले. यातला मोठा कोण झाला, हे विचारले की रांगेत हशा होतो.

धंद्याच्या बाबतीत बोलणे सावध असते, कारण तिथे नाती आड येतात. रापणीची वाटणी सोपी आहे: जाळ्याला वाटा, होडीला वाटा, माणसाला वाटा. दोराला हात लावणारा परका असला तरी त्याच्या हातावर चार मासे ठेवायची रीत आहे. पर्ससीनचे गणित निराळे. नौकेचे कर्ज, डिझेल, बर्फ, जाळे आणि खलाशी. खलाशांत नेपाळचेही बरेच. नौका बंदरात उभी राहिली तरी बँकेचा हप्ता उभा राहत नाही. ज्याचा चुलता त्या धंद्यात होता तो हे सगळे ऐकवतो आणि शेवटी म्हणतो, “तेच्यार पण माणसांच जगतत मा!” यावर कुणी ओरडत नाही. एवढेच कुणीतरी विचारते की बारीक मासा, पिल्लेसुद्धा, कुटीसाठी फिशमीलच्या कारखान्याला जातो तो कुणाच्या पोटात? २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर धरायचे नाही. पण दिव्याखाली जमलेल्या घोळक्याला कोण फूटपट्टी लावणार?

आणि मग राजकारण. इथे वादाची प्रत घसरते, हे सांगितले पाहिजे. यंत्रावर बोलताना माणसे एकमेकांना प्रश्न विचारतात, धंद्यावर बोलताना हिशेब मांडतात. पुढाऱ्याचे नाव निघाले की नुसते ‘तू अमक्याचो’ आणि ‘तू तमक्याचो’ सुरू होते. पण नावे बाजूला ठेवून हद्दींचा विषय निघाला की हीच माणसे वकिलासारखी बोलतात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण बावीस किलोमीटर, राज्याचे. त्यापुढे २०० मैलांपर्यंत केंद्राचे. पर्ससीनवाल्यांचे म्हणणे असे की बारा मैलांच्या बाहेर राज्याने आम्हाला अडवू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तमिळनाडूच्या नौकांना बारा मैलांपलीकडे सोमवार आणि गुरुवार, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, अशी अंतरिम मोकळीक दिली. हा आदेश इथे दोन्ही बाजू आपापल्या परीने वापरतात. एक म्हणतो, बघा, न्यायालयाने परवानगी दिली. दुसरा म्हणतो, बघा, दिवसाउजेडी आणि आठवड्यातून दोनदाच दिली. दोघेही खरे बोलत असतात.

राज्याने आपल्या पाण्यात काय केले, तेही वाळूवर मोजले जाते. पर्ससीनबाबतच्या डॉ. सोमवंशी समितीचा अहवाल २०१२ चा. त्यावर ५ फेब्रुवारी २०१६ चा आदेश निघाला: पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणायचे आणि मासेमारी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच. २०२१ मध्ये कायदा कडक झाला. एलईडीचा दंड पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत गेला आणि प्रकरणे तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्याच अधिकाऱ्यांकडे आली. जानेवारी २०२५ मध्ये गस्तीला ड्रोन आले. कागद एवढे भक्कम असताना दिवे का पेटतात, यावर मला रापणीवर मिळालेले सर्वांत समंजस उत्तर असे: दिवे रात्री पेटतात आणि पंचनामा सकाळी होतो. मध्ये नौका कुठल्या कुठे गेलेली असते. कर्नाटकातल्या मलपीकडच्या वेगवान ट्रॉलरांचे तेच. गस्तीनौका निघाल्याची बातमी गस्तीनौकेच्या आधी पोहोचते, असे सगळेच म्हणतात. कशी पोहोचते, यावर मात्र एकमत होत नाही.

वादाचे काही नियम आहेत, कुणी लिहून ठेवलेले नाहीत. पहिला: “तू थंय होतंस काय?” प्रत्यक्ष पाहिले नसेल तर आवाज खाली. दुसरा: अंतर सांगायचे तर वावांत, म्हणजे पाण्याच्या खोलीच्या मापात, सांग. किती वाव पाण्यात नौका होती, हे ज्याला सांगता येत नाही त्याच्या तक्रारीला किंमत नाही. हल्ली जीपीएसचे आकडे आणि मोबाइलवर काढलेली चित्रफीतही चालते, पण अंधारात काढलेल्या चित्रफितीत चार ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही आणि ते ठिपके नेमके कुठले यावर नवा वाद उभा राहतो. तिसरा नियम सर्वांत मोठा: कितीही चिडलास तरी दोर सोडायचा नाही. एका बाजूची ओढ कमी पडली की जाळे तिरके येते आणि मासा निसटतो. म्हणून ज्याच्याशी हाडवैर आहे त्याच्याही बरोबरीने ओढावे लागते. पर्ससीनचे समर्थन करणाऱ्या त्या पुतण्याला रापणीत कुणी वाटा कमी दिलेला मी पाहिला नाही.

ओढणारे हात मात्र कमी होत आहेत. घरोघरी पर्यटकांच्या राहण्या-जेवणाची सोय झाली, डॉल्फिन बघायला नेणाऱ्या नौका झाल्या, पोरगे रापणीपेक्षा तिकडे रमते. त्याला दोष द्यायला कुणाची जीभ वळत नाही. पावसाळ्यात, १ जूनपासूनच्या बंदीच्या काळात, जाळी शिवायला बसतात तेव्हा याच विषयावर सगळ्यांत मन लावून बोलणे होते. तेव्हा घाई नसते आणि कुणाला पाण्यापर्यंत चालत जायचे नसते.

आतापर्यंत जे सांगितले ते सगळे पुरुषांचे बोलणे. बायकांचे ऐकायचे तर संध्याकाळी मालवणच्या बंदरावर लिलावाला उभे राहावे. मासळीचा ढीग वाळूवर ओतला की विकणाऱ्या बायका त्याच्याकडे क्षणभर बघतात आणि बोली सुरू होते. त्या क्षणात त्यांनी मासा कधीचा, कुठल्या जाळ्यातला, उद्या बाजारात काय भावाने जाईल, हे ठरवलेले असते. एलईडीवर भाषण त्यांच्याकडून ऐकायला मिळत नाही. पण एकीने बांगड्याची टोपली उचलता उचलता जे सांगितले ते दोरावरच्या सगळ्या वादापेक्षा नेमके होते: “दर्यात कोण गेलेलो ता माका बंदरारच कळता. बांगड्याचो दर एकाएकी पडलो की समाजता, राती खयतरी उजेड होतो.”

दिव्याचा माल एकदम येतो आणि भाव पाडतो. होडीवाल्याच्या चार टोपल्यांना मग गिऱ्हाईक उरत नाही. म्हणजे कुठल्या रात्री किती दिवे पेटले याची नोंद या बायकांच्या तोंडी असते, तीही दराच्या आकड्यांत, तारीखवार. पंचनाम्याला पुरावा नाही म्हणणाऱ्या खात्याने ती अजून मागितलेली मला तरी दिसली नाही. मच्छीमारांच्या प्रश्नावर बैठक होते तेव्हा पुढच्या खुर्च्यांवर संस्थांचे अध्यक्ष, नौकामालक आणि पुढारी असतात. बायका असल्याच तर मागे, आणि बहुधा नसतातच, कारण त्या वेळी त्या बंदरावर असतात. मत्स्यव्यवसाय खात्याने पुढची बैठक बोलवावी तेव्हा रोजचे दर सांगणाऱ्या दोन-चार विक्रेत्या बायकांना पहिल्या रांगेत बसवावे. आणि निदान ती बैठक संध्याकाळी लिलावाच्या वेळेला ठेवू नये.