छोटी लढाऊ विमाने आणि त्यांचे उतरणे

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी लखनौतील गच्चीगच्चीवर माणसे लोटतात आणि आकाशात पतंगांची लढाई जुंपते. या दिवसाला येथे ‘जमघट’ असे नाव आहे. नोकरीच्या निमित्ताने या शहरी राहावयास आल्यावर पहिल्याच वर्षी मी ती मौज पाहिली. परंतु आज सांगावयाची हकीकत दोऱ्याने बांधलेल्या लढवय्यांची नव्हे. शहराबाहेरच्या एका माळावर हिवाळ्यातील रविवारी काही हौशी मंडळी जमतात आणि दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या मोठमोठ्या प्रतिकृती रेडिओच्या साहाय्याने उडवितात. त्यांच्या या उद्योगातील अवघड भाग कोणता, एवढेच मला सांगावयाचे आहे.

‘प्रतिकृती’ म्हटले की मुलांचे खेळणे डोळ्यांपुढे येते. पण खऱ्या स्पिटफायर विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे 11.2 मीटर भरत. त्याची एक चतुर्थांश प्रतिकृती केली तरी ती 2.8 मीटर होते. बैठकीच्या खोलीत ती आडवी ठेवली तर घरच्या माणसांनी कोठे बसावे हा प्रश्नच पडेल! वजन वीस किलोच्या आसपास, पुढे पेट्रोलवर चालणारे इंजिन, पोटात रेडिओचे संदेश घेणारे यंत्र आणि त्या संदेशाबरहुकूम सुकाणू हलविणाऱ्या लहान मोटारी. ही स्पिटफायर आपल्याला परकी नाही. 1947-48 च्या काश्मीर युद्धात भारतीय हवाईदलाने तिचा उपयोग केला होता. त्याच युद्धातील कामगिरीबद्दल महावीरचक्र मिळविणारे हृषीकेश मुळगावकर पुढे 1976 ते 1978 या काळात हवाईदलाचे प्रमुख होते, हे मराठी श्रोत्यांना स्मरत असेल.

असे विमान वर चढविणे त्या मानाने सोपे. वर गेल्यावर चूक झाली तर ती सुधारावयास उंची असते, म्हणजेच वेळ असतो. उतरताना तो उरत नाही.

थोडे गणित करू. या प्रतिकृतीच्या पंखांचे क्षेत्रफळ सुमारे 1.4 चौरस मीटर. एवढ्या पंखांनी वीस किलोचा भार तोलावयाचा तर हवेतून निदान ताशी 50 किलोमीटर वेगाने जावे लागते. वेग त्याखाली गेला की पंखांवरील हवेचा प्रवाह विस्कटतो आणि विमान कोसळते. म्हणून उतरताना ताशी 65 किलोमीटरचा वेग राखतात. खरी फसगत येथेच आहे. समजा, ताशी 15 किलोमीटरचा वारा वाहत आहे. उतरण्यापूर्वी विमान वाऱ्याच्या दिशेने मैदानाला समांतर जाते, तेव्हा जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला ते ताशी 80 किलोमीटरने पळताना दिसते. ‘फार वेग झाला’ असे वाटून तो इंजिन मंद करतो. हवेच्या दृष्टीने मात्र वेग तेवढाच होता. आता तो खरोखरच घटतो. नेमके त्याच वेळी विमान वळवावयाचे असते, आणि 45 अंशांत कलून वळताना पंखांना 50 नव्हे, 60 किलोमीटरचा वेग लागतो. आतला पंख एकाएकी खाली जातो आणि दोन हिवाळ्यांची मेहनत काही सेकंदांत मातीला मिळते. खऱ्या वैमानिकापुढे वेग दाखविणारा काटा असतो. येथे बहुधा केवळ डोळा आणि इंजिनाचा आवाज.

त्यात भर म्हणजे विमान समोरून आपल्याकडे येऊ लागले की त्याचे डावे ते आपले उजवे होते. जाणती मंडळी यावर एक युक्ती सांगतात : जो पंख खाली गेलेला दिसेल, त्याच बाजूला हातातली काठी न्यावी, जणू आपण त्याला टेकू देत आहोत.

चाके जमिनीला लागली म्हणजे सुटलो, असेही नाही. या जुन्या विमानांची मोठी चाके पुढे आणि भार मागे, शेपटीजवळ इवलेसे चाक. ढकलगाडी मागून ढकलताना ती जशी वाकडी होऊ पाहते, तसेच हे विमान जरा तिरके झाले की अधिकच तिरके होत जाते. स्पिटफायरची चाके तर एकमेकांना फारच जवळ. त्या मानाने हरिकेनची ऐसपैस. नवशिक्याने हरिकेन घ्यावी असे माझे मत आहे, पण देखणेपणापुढे असला सल्ला कोण ऐकतो?

गेल्या जानेवारीत मी असे एक उतरणे पाहिले. धुके विरायला साडेअकरा वाजले. स्पिटफायरचे मालक विमानांचा चाकसांगाडा जुळविण्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले कारागीर. लखनौच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात विमानांचे असे भाग होतात, त्यामुळे या शहरात असा माणूस भेटणे नवलाचे नाही. मैदान निवडणे मात्र कठीण. दक्षिणेस अमौसीचा विमानतळ, उत्तरेस बक्शी का तालाब येथील हवाईदलाचा तळ. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार दोहोंपासून दूर राहावे लागते.

सर्व प्रेक्षक आखलेल्या रेषेमागे होते. ही रेषा म्हणजे शिष्टाचार नव्हे. वीस किलोचे विमान ताशी 70 किलोमीटरने कोणाला लागले, तर सहाव्या मजल्यावरून तेवढ्या वजनाचे पोते अंगावर पडल्यासारखेच ते आहे.

“लँडिंग!” असा त्यांनी पुकारा केला. विमान शेवटचे वळण घेऊन समोर आले, तोच बाजूच्या वाऱ्याने ते रेषेच्या दिशेने सरकले. माझ्या शेजारचा तरुण पुटपुटला, “उतार दीजिए, चाचा, तेल कम है।” म्हाताऱ्याने उत्तर दिले नाही. त्यांनी इंजिनाचा जोर वाढविला; पण एकदम नव्हे, सावकाश. एकदम वाढविला असता तर पंख्याच्या फिरकीनेच विमान उलटले असते. ते पुन्हा वर गेले आणि पेट्रोल संपत आले असताना त्यांनी पुरी फेरी घेतली. दुसऱ्या खेपेस चाके टेकली, विमान दोन हात उसळले, पुन्हा टेकले, शेवटी शेपूट खाली येताच डावीकडे वळून गवतात थांबले. पंखाचे टोक तेवढे मातीला घासले.

मी अभिनंदन करावयास गेलो, तेव्हा ते गुडघ्यांवर बसून चाकांच्या सांध्यात अडकलेले गवत उपटीत होते. “पहली बार में उतारता तो उधर जाता,” लोकांकडे बोट दाखवून ते म्हणाले. दुसरे उड्डाण त्या दिवशी झाले नाही; वारा वाढला होता.