नम्रता आणि नामस्मरण



स्मृतिव्याख्यान देणे ही मोठी अवघड जबाबदारी आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ते योजले जाते, त्यांनी आपल्या हयातीत नावाची अपेक्षा बहुधा केलेलीच नसते. आपण मात्र त्यांचे नाव फलकावर, निमंत्रणपत्रिकेवर आणि पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर छापतो. 'ख्रिस्ती नम्रता' या विषयावर मी बोलावे असे शाळेने सुचविले, तेव्हा प्रथम हाच प्रश्न माझ्या मनात उभा राहिला. नम्र माणसाला जर नाव नको असेल, तर ते घेण्याचा आपल्याला अधिकार कोणता? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न मी आज करणार आहे.

श्रोत्यांपैकी बहुतेक जण ख्रिस्ती नाहीत, याची मला जाणीव आहे. म्हणून शब्दापासूनच आरंभ करतो. आपला 'नम्र' हा शब्द 'नम्' म्हणजे वाकणे या धातूपासून आला आहे. युरोपातील भाषांत नम्रतेसाठी जो शब्द रूढ झाला, त्याच्या लॅटिन मुळाशी 'जमीन' हा अर्थ आहे. म्हणजे नम्र माणूस तो, जो जमिनीजवळ असतो. परंतु नव्या कराराच्या ग्रीक भाषेत यासाठी जो शब्द आहे, तो त्या काळच्या समाजात सद्गुणाचा शब्द नव्हता. हलक्या प्रतीचा, दबलेला, किंमत नसलेला, असाच त्याचा सर्वसाधारण अर्थ होता. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीने हा तुच्छतेचा शब्द उचलला आणि त्याला गुणाचे स्थान दिले.

हे घडले ते एका प्रसंगामुळे. योहानाच्या शुभवर्तमानात अशी हकीकत आहे की, अखेरच्या भोजनाच्या वेळी येशूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. धुळीने माखलेले पाय धुणे हे त्या समाजात गुलामाचे काम होते. पण ही हकीकत सांगताना लेखक आधी एक गोष्ट नमूद करतो : आपण कोठून आलो आणि कोठे जाणार आहोत, हे येशूला पूर्णपणे ठाऊक होते. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. स्वतःला क्षुद्र समजणारा माणूस वाकलेला असतो खरा, परंतु ती नम्रता नव्हे. ज्याला ताठ उभे राहता येते आणि तरीही जो दुसऱ्यासाठी वाकतो, तो नम्र. ख्रिस्ती विचारात नम्रता म्हणजे स्वतःविषयी वाईट बोलणे नव्हे; स्वतःकडचे लक्ष काढून दुसऱ्याच्या गरजेकडे वळविणे होय.

आता नावांविषयी. संत पौलाने कोरिंथहून रोमच्या मंडळीस इसवी सन ५७च्या सुमारास एक पत्र लिहिले. ख्रिस्ती तत्त्वज्ञानाचा तो पायाच मानला जातो. या गहन पत्राचा अखेरचा, सोळावा अध्याय मात्र बहुतांशी नुसत्या नावांची यादी आहे. वाचक ती सहसा गाळून पुढे जातात. मीही तरुणपणी गाळीत असे. त्या यादीत वीसहून अधिक माणसांना नावानिशी सलाम पाठविलेला आहे. त्यांत अनेक स्त्रिया आहेत, आणि काही नावे त्या काळी गुलामांची म्हणून प्रचलित असलेली आहेत. आरंभी फिबी नावाच्या स्त्रीची शिफारस आहे. ते पत्र रोमला तिनेच पोचविले असावे, असे अभ्यासक मानतात. त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस यांच्याविषयी त्यांनी श्रम केले एवढेच पौल लिहितो. मध्येच एक वाक्य पौलाचे नसून पत्र लिहून घेणाऱ्या लेखनिकाचे आहे. तो स्वतःचे नाव सांगतो : तर्तियस. या लॅटिन शब्दाचा अर्थ 'तिसरा' एवढाच. ज्याचे नाव केवळ एक अनुक्रम होते, अशा माणसाला पौलाने आपल्या पत्रात स्वतःच्या नावे नमस्कार घालण्यास जागा दिली.

यातून आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. त्या माणसांनी नाव मागितले नव्हते. ते लिहून ठेवणे हे पौलाने स्वतःचे कर्तव्य मानले. नाव न मागणे हा सेवकाचा धर्म आणि नाव विसरू न देणे हा सेवा घेणाऱ्याचा धर्म. हे दोन धर्म परस्परविरोधी नाहीत. पण ते एकाच माणसाचे नव्हेत.

उरलेल्या निम्म्या उत्तरासाठी आपण आपल्या भाषेकडे आणि आपल्या प्रांताकडे वळू. पांडेसऱ्यातील मराठी कुटुंबांपैकी अनेकांचे वाडवडील धुळे, जळगाव, नंदुरबारकडून तापीच्या काठाने पोटासाठी गुजरातेत आले. अशीच वाट एकदा उलट्या दिशेनेही चालली गेली होती. १८९९-१९००चा भीषण दुष्काळ गुजरातेत 'छप्पनियो' या नावाने ओळखला जातो, कारण तो विक्रम संवत १९५६ मध्ये पडला. त्या दुष्काळात गुजरातेतील शेकडो अनाथ मुली महाराष्ट्रात पुण्याजवळ केडगावला नेण्यात आल्या, आणि तेथे त्यांना अन्न, आसरा व शिक्षण मिळाले. ती संस्था म्हणजे पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन.

रमाबाईंचे नाव आपण सर्व जाणतो. १८५८ साली जन्मलेल्या या विदुषीने १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. १९१९ मध्ये सरकारने तिला कैसर-इ-हिंद पदक दिले. १९८९ मध्ये भारत सरकारने तिच्यावर टपाल तिकीट काढले. हा गौरव सर्वथा योग्यच होता. परंतु छप्पनियोच्या वेळी गुजरातच्या गावोगाव हिंडून त्या मुली शोधल्या कोणी? रमाबाईंनी पाठविलेल्या साहाय्यकांनी. आणि केडगावी आलेल्या, हाडांचे सापळे झालेल्या या मुलींना न्हाऊ घालणे, भरविणे, त्यांच्या जखमा धुणे ही कामे कोणाच्या हातांनी झाली? १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व विधवा आणल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी ज्या स्वतः भुकेने मरणाच्या दारी होत्या, त्यांतील कित्येकजणी आता सांभाळ करणाऱ्या झाल्या. त्या वेळी मुक्तीतील संख्या दीड हजाराच्या वर गेली होती. एवढ्या जणींचा सांभाळ एकटी रमाबाई, कितीही थोर असली तरी, कशी करू शकली असती?

दुसरे उदाहरण मुक्तीच्या छापखान्याचे. रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीलाही कळावे, असे साधे मराठी त्यांनी हेतुपूर्वक वापरले. १९२१ मध्ये एकुलती एक कन्या मनोरमा गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. ग्रंथ पूर्ण होऊन बाहेर पडला तो १९२४ साली. तो मुक्तीतच छापला गेला, आणि छपाईचे काम तेथील स्त्रियांनी केले.

खिळे जुळविणे म्हणजे काय, हे आजच्या पिढीस ठाऊक नसेल. एकेक शिशाचा खिळा खणातून उचलायचा आणि ओळीत बसवायचा. त्यावरचे अक्षर उलटे असते, म्हणून जुळाऱ्याला उलटे वाचण्याची सवय करावी लागते. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांचे प्रकार शेकडोंनी होतात. पान छापून झाले की ओळी मोडायच्या आणि प्रत्येक खिळा पुन्हा आपापल्या खणात टाकायचा. म्हणजे जुळाऱ्याचे काम जितके चोख, तितकी त्याची खूण कमी. चूक झाली तरच वाचकाला त्याची आठवण होते. जिला काही वर्षांपूर्वी अक्षरओळखही नव्हती, अशा स्त्रीने बायबलाची पाने याप्रमाणे जुळवावीत, यात केवढा प्रवास सामावलेला आहे! त्या ग्रंथाचा उल्लेख आपण 'रमाबाईंचे भाषांतर' असा करतो आणि तो बरोबरही आहे. पण त्याची पाने जुळविणाऱ्यांची नावे आपल्या तोंडी नाहीत.

नाव टिकूनही विस्मरणात गेलेले एक उदाहरण सुंदराबाई पवार यांचे आहे. १८९०च्या दशकात त्यांनी रमाबाईंच्या खांद्याला खांदा लावून काम केले, पुण्यात स्त्रियांना प्रशिक्षण देणारे गृह चालविले आणि इंग्लंडात जाऊन अफूच्या व्यापाराविरुद्ध भाषणे केली. एका मराठी स्त्रीने त्या काळी राज्यकर्त्यांच्याच देशात जाऊन त्यांच्याच व्यापाराचा निषेध करावा, ही सामान्य गोष्ट नव्हे. तरीही आज त्यांचे नाव किती मराठी वाचकांना ठाऊक असेल?

येथे मला, एक ख्रिस्ती म्हणून, आमच्याच घरातील दोष सांगितला पाहिजे. जुन्या मिशन-अहवालांत परदेशी मिशनऱ्यांची नावे असत, परंतु गावोगाव पायी फिरणाऱ्या देशी बायबल-बाया आणि शिक्षक यांचे पुष्कळदा केवळ आकडे असत. 'ते नम्र होते, त्यांना नावाचा मोह नव्हता' असे म्हणून आम्ही आमच्या विस्मरणाला त्यांच्या सद्गुणाचे पांघरूण घातले. नम्रता हा स्वतः धारण करण्याचा गुण आहे. दुसऱ्यावर लादण्याचा नव्हे. एखाद्याला मोबदला कमी द्यायचा, मान द्यायचा नाही आणि वर त्याच्या निरपेक्षतेची स्तुती करायची, हा नम्रतेचा गौरव नसून गैरवापर आहे. पाय धुणाऱ्या येशूने शिष्यांना सांगितले ते एकमेकांचे पाय धुण्यास. नेहमी एकानेच धुवावे आणि इतरांनी बसून राहावे, असे नव्हे.

हे केवळ चर्चपुरते खरे नाही. पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगते, छापले जाते, धुतले जाते. ताक्यावर नाव असते ते व्यापाऱ्याचे. वाफेत उभे राहून रंग कालविणाऱ्याचे, ओले कापड उचलणाऱ्याचे, घड्या घालणाऱ्या बाईचे नाव त्यावर कोठेच नसते. तुमच्यापैकी अनेकांचे शिक्षण याच हातांच्या कमाईवर झाले. आणि या शाळेतही वर्ग झाडणारे, पाण्याची टाकी भरणारे, घंटा देणारे कोणीतरी होतेच.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. या व्याख्यानाची आठवण म्हणून शाळेत एक वही ठेवावी. शाळेसाठी वा वस्तीसाठी ज्यांनी निष्ठेने काम केले आणि ज्यांचे नाव कोठेही नाही, अशा एका व्यक्तीविषयी प्रत्येकाने तीत चार ओळी लिहाव्यात : नाव, गाव, काम आणि साल. ती व्यक्ती हयात असेल तर आधी तिला विचारावे, आणि शक्य असेल तर तिच्या हाताखालच्या कामात एक दिवस हात लावावा. लिहिताना अलंकार नकोत, कोणाला संतही बनवू नये. पौलाने त्या स्त्रियांविषयी त्यांनी श्रम केले एवढेच लिहिले. ते जवळपास दोन हजार वर्षे पुरले.

आपल्या परंपरेत नामस्मरण म्हणजे देवाचे नाव घेणे. ख्रिस्ती श्रद्धेत असे मानले आहे की, देवालाही माणसांची नावे ठाऊक असतात आणि त्याच्याकडील यादीतून कोणी गळत नाही. ती यादी त्याच्याकडे सुखरूप आहे. आपल्याकडची मात्र आपणच लिहिली पाहिजे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो, त्यांना स्वतःचे नाव वहीच्या पहिल्या पानावर नको असते, असा माझा विश्वास आहे. तरीही आपण ते तेथे लिहू या, आणि त्याखालची पाने इतरांसाठी मोकळी ठेवू या.